व्हिम हा टेक्स्ट एडिटर शिकून महिना झाला, तरी काम हळूच होतं. वेग कसा वाढवावा?

तुम्ही लिहिलंय की एक शब्द बदलायलाही इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे टाइप करायच्या मोडमध्ये, जाऊन बॅकस्पेस दाबत बसता. अडचण तिथेच आहे. व्हिममधली आज्ञा छोट्या वाक्यासारखी असते: आधी काय करायचं, मग कशावर. 'डी' म्हणजे खोडा, 'सी' म्हणजे बदला, 'आय-डब्ल्यू' म्हणजे हा शब्द. कर्सर शब्दात कुठेही असू द्या, सी-आय-डब्ल्यू दाबलं की अख्खा शब्द जातो आणि तुम्ही थेट नवा टाइप करू शकता. कंसातला मजकूर बदलायचाय? सी, आय आणि कंस. बस्स.

पण खरी ताकद टिंबात आहे: ते दाबलं की शेवटचा बदल पुन्हा होतो. एखादं नाव फाइलमध्ये दहा ठिकाणी बदलायचं असेल तर त्या नावावर कर्सर ठेवून स्टार दाबा. ते नाव शोधलं जाईल आणि कर्सर त्याच्या पुढच्या जागी जाईल. तिथे सी-आय-डब्ल्यू, नवं नाव, एस्केप. मग फक्त एन (शोधातली पुढची जागा) आणि टिंब, एन आणि टिंब. नको तिथे टिंब दाबायचं नाही, नुसतं एन दाबून पुढे जायचं. म्हणूनच सरसकट बदलण्यापेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं. शेवटच्या जागेनंतर शोध फिरून वर येतो, त्यामुळे सुरुवातीचं नावही सुटत नाही.

लिहिताना एस्केप वरचेवर दाबून इन्सर्ट मोडमधून बाहेर येत जा. एका दमात दहा ओळी लिहिल्या तर 'यू' (म्हणजे अनडू) दाबल्यावर सहसा दहाही जातात.

सेटिंगची फाइल आणि प्लगिन सध्या राहू द्या. टर्मिनलमध्ये 'व्हिमट्यूटर' हा व्हिमसोबत येणारा सरावाचा धडा चालवा, अर्ध्या तासाचं काम आहे. पुन्हा एकदा केलंत तरी चालेल.