गच्चीवर दोन इंच काँक्रीट ओतण्याआधी वजन काढा

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. विजापूर रोडला तीस वर्षांचं घर, गच्ची गळतेय, मिस्त्री म्हणतोय वरून दोन इंच काँक्रीट ओतू, त्यावर 2000 लिटरची टाकी बसवायची आहे, तर काँक्रीटचं वजन कसं काढायचं? जुळे सोलापुरात आम्ही हेच करून बसलो होतो, म्हणून सविस्तर लिहिते. मी इंजिनिअर नाही. सासऱ्यांनी बांधलेलं घर निस्तरताना जे शिकले तेवढंच सांगते.

लांबी-रुंदी-जाडीचा गुणाकार तुम्हाला येतोच. घनता मानकात दिलेली आहे. आयएस 456 (काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे साधं काँक्रीट घनमीटरला 24 किलोन्यूटन आणि सळईचं 25, म्हणजे ढोबळमानाने 2400 आणि 2500 किलो. आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, जड, त्यामुळे मी सरसकट 2500 च धरते. फुटात हिशोब करणाऱ्यांसाठी: एक चौरस फूट, एक इंच जाडी म्हणजे सहा किलो. पाच इंची स्लॅब झाला चौरस फुटाला तीस किलो. एवढं एक लक्षात ठेवलं की गच्चीवर उभं राहून तोंडी हिशोब होतो.

आमची चूक हिशोबाच्या आधीची होती. हिशोब करायचा असतो हेच डोक्यात आलं नाही. गवंडी म्हणाला, "ताई, दोन इंचच तर आहे की ओ," आणि मी हो म्हटलं. गच्ची 30 बाय 24, म्हणजे 720 चौरस फूट. दोन इंचाचे आठ टनांच्या वर होतात. सिमेंटची 170 पोती गच्चीवर कायमची मांडून ठेवल्यासारखं. शिवाय ते दोन इंच राहिलंच नाही. पाण्याला ढाळ द्यायचा म्हणून पन्हळीपाशी दोन आणि जिन्यापाशी चार इंच झालं. हे मला पुढे थर फोडताना कडेला टेप लावल्यावर कळलं. सरासरी तीन इंच, म्हणजे जवळजवळ तेरा टन. आणि खाली जुना विटांचा कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) तसाच. तोही चौरस फुटाला इंचामागे साडेचार-पाच किलो भरतो.

आता हे कशाशी ताडून बघायचं? आयएस 875 (इमारतीवर किती भार धरायचा याचं मानक) च्या दुसऱ्या भागात वावर असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 150 किलो चालता भार धरतात. माणसं, वाळवण, पाण्याचे ड्रम, सगळं त्यात. आमचा नुसता नवा थर चौरस मीटरला 180 किलोच्या वर गेला. माणूस पाऊल ठेवण्याआधीच राखीव जागा संपली होती.

मे महिन्यात ओतलं. गळती थांबली म्हणून आम्ही खूश. दिवाळीच्या सुमारास हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधलं दार अडकायला लागलं. लाकूड फुगलं असेल म्हणून सुताराकडून रंधा मारून घेतला. दोन महिन्यांनी परत मारला. तिसऱ्यांदा सुतारच म्हणाला, चौकट वरून दबतेय. मग हॉलच्या छताला दोन्ही टोकांना दोन-दोन इंचाचे ठोकळे लावून सुतळी ताणली. मध्ये अंतर भरलं सव्वा इंच. पाऊण इंच पोट आलं होतं. (गिलावा मुळातच वाकडातिकडा असेल तर ही परीक्षा फसू शकते, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.)

स्लॅबमध्ये सळई किती आहे ते बघायला जुना नकाशा हवा होता. त्यासाठी एका कार्यालयात पाच खेपा झाल्या. नाव लिहीत नाही. या टेबलावरून त्या टेबलावर, साहेब साइटवर, फाइल खालच्या खोलीत, उद्या या. शेवटी जी नक्कल मिळाली तिच्यात खोल्यांची मापं होती, सळईचा पत्ताच नाही. तेवढे दिवस आम्ही त्या छताखाली झोपत होतो, याचा राग अजून जात नाही. शेवटी सळई शोधायचं यंत्र घेऊन एका स्ट्रक्चरल इंजिनिअरनी अर्ध्या दिवसात तपासलं. तुम्ही तिथूनच सुरुवात करा, नकाशाच्या मागे धावू नका.

शेवटी आम्हाला तो नवा थर फोडून काढावा लागला. फोडताना आणखी एक सांभाळा. मजूर फोडलेला माल घमेल्याने गच्चीच्या मधोमध ढीग घालतात, कारण तिथून उचलायला सोपं पडतं. आधीच दमलेल्या स्लॅबच्या सगळ्यात कमकुवत जागी टनाचा ढीग. आम्ही वेळीच थांबवलं. रोजच्या रोज खाली उतरवा. राडारोड्याचं वजन तेवढंच राहतं, पण जागा दीडपट लागते. आमचा थर मोजून पावणेदोन ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) होता, ठेकेदाराने दोन ट्रॉल्या सांगितल्या, लागल्या तीन. दर ठरवताना हे धरा.

टाकीचं तर स्पष्ट नाही म्हणेन. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, साठवण लागतेच, मला मान्य आहे. पण एक फूट उंच पाणी म्हणजे चौरस फुटाला 28 किलो. टाकीत चार फूट पाणी भरलं की टाकीखालच्या प्रत्येक चौरस फुटावर 110 किलोच्या वर. ती नुसत्या स्लॅबवर नको. कॉलमवरून बीम घेऊन त्यावर, नाहीतर सरळ जमिनीवर हौद आणि पंप.

गळतीसाठी माझं मत: आधी पन्हळ साफ करा, पॅरापेटच्या कोपऱ्यातल्या भेगा भरा, मग लेप देऊन एक पावसाळा बघा. थर बदलायचाच असेल तर जुना काढून नवा, जुन्यावर नवा अजिबात नाही. तुमचा स्लॅब आमच्या स्लॅबपेक्षा जाड असेल, बीम जवळ असतील, तर गणित वेगळंही येईल.

पन्हळीचा पाइप काढता येत असेल तर त्या भोकातून स्लॅब आणि कोबा दोन्हीची जाडी मोजता येते. ती आणि खोलीची लांबी-रुंदी इथे टाका, वजन मी काढून देते. पण मिस्त्रीला तोपर्यंत सिमेंट उतरवू देऊ नका.