घराण्याच्या चिन्हांची जुनी इंग्लिश पोर्सिलेन जमवायला सुरुवात करतोयस? मग हे वाच

आधी सांगतो, अख्ख्या डिनर सेटच्या मागे लागू नकोस, एकच प्लेट घे पण चांगली घे. मला स्वतःला चेंबरलेन्स वुस्टर (इंग्लंडमधल्या वुस्टरचा पोर्सिलेनचा कारखाना) फार आवडतं, ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन यानं १८०२ मध्ये त्यांच्याकडेच स्वतःच्या चिन्हाचा सेट ऑर्डर केला होता, ते हातानं रंगवलेलं काम बघतच राहावं असं असतं.

आणि ढाल, म्हणजे घराण्याचं चिन्ह ज्या ढालीच्या आकारात रंगवलेलं असतं ती, नीट वाचायला शीक, खरी मजा तिथेच आहे. मधे उभी रेघ असून दोन भाग दिसले तर सहसा आपल्या डावीकडचा नवऱ्याच्या घराण्याचा आणि उजवीकडचा बायकोच्या माहेरचा, मग त्यांचं लग्न कधी झालं ते शोधायचं की सेट साधारण कधीचा त्याचा अंदाज येतो. ढालीऐवजी शंकरपाळ्याचा आकार असेल तर चिन्ह बाईचं, म्हणजे विधवा नाहीतर बिनलग्नाची.

पॅरिसच्या सॅम्सन या कारखान्यानं १९व्या शतकात असल्या भरपूर नकला काढल्यात, त्यामुळे नुसत्या तळाशी असलेल्या कारखान्याच्या मार्कवर विश्वास ठेवू नको. गॉस या इंग्लिश कंपनीच्या छोट्या वस्तूंवर बहुतेक गावांची चिन्हं असतात, तो वेगळा विषय. घेण्याआधी यूव्ही टॉर्च मारून बघ, जुनी डागडुजी बऱ्याचदा लगेच दिसते, आणि सोन्याचं काम असलेली प्लेट डिशवॉशरमध्ये अजिबात घालू नकोस प्लीज.