पहिली युजेबिलिटी टेस्ट, म्हणजे साइट वापरताना लोक कुठे अडकतात ते बघायची चाचणी, घेताय?
पहिल्या फेरीला पाच माणसं पुरेत. युजेबिलिटीतले तज्ज्ञ जेकब नील्सन २००० सालापासून हेच सांगत आलेत. फक्त ती ऑफिसातली नकोत, साइट खरोखर वापरणारी हवीत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो काम सांगताना. बटणावर 'रिटर्न' लिहिलंय आणि तुम्हीही 'ऑर्डर रिटर्न करा' म्हणालात, तर माणूस नुसता तो शब्द शोधत बसतो. त्यापेक्षा 'मागवलेला शर्ट घट्ट होतोय, आता काय कराल?' असं विचारा.

मग गप्प बसा. तो अडकला की मदतीला धावावंसं वाटतं, पण नेमकं तेच तर बघायचंय! 'हे कुठे असेल?' असं त्याने विचारलं तर 'तुम्हाला कुठे वाटतं?' एवढंच म्हणा.

'साइट आवडली का?' हे विचारूच नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. आकडेवारी, रिपोर्ट वगैरे नंतर बघू.