काचेच्या पावडरीसाठी घरचा बाइंडर

प्रश्न : ताई, घरच्या छोट्या भट्टीत मी काचेच्या पावडरीची चित्रं करते. पावडर काचेवर धरून ठेवणारा परदेशी तयार बाइंडर परवडत नाही, म्हणून लाडवांसाठी आणलेला डिंक भिजवून वापरला. भाजल्यावर चित्रातल्या पानांच्या जाड भागात करडेपणा आला आणि पांढरे ठिपके राहिले. घरी काही दुसरं करता येईल का?
— एक वाचक, कोथरूड

नक्की करता येईल. डिंक मात्र लाडवांसाठीच ठेवा. त्याला मी नावं ठेवत नाही. काचेवर कुंचल्याने रेषा काढायच्या रंगात तो शतकानुशतकं वापरला जातो आणि तिथे चोख काम करतो, कारण थर अगदी पातळ असतो. पावडरीचं पान जाड. शिवाय डिंकात मुळातच कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात, सालीचे कण असतात. ते जळून जात नाहीत. तुमचे ठिपके बहुधा त्यांचेच.

त्याऐवजी सीएमसी पावडर आणा, म्हणजे कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज, पाण्याला दाटपणा आणणारी पावडर. केकवर साखरेची फुलं करणारे हीच वापरतात, त्यामुळे केकच्या सामानाच्या दुकानात मिळते. डबीवर नुसतं सीएमसी लिहिलंय ना, ते बघून घ्या. साखर मिसळलेलं तयार मिश्रण नको. सीएमसी जळाल्यावर मागे राहतो तो थोडासा सोडा, आणि सोडा काचेत असतोच. म्हणून माझं मत ठामपणे सीएमसीच्या बाजूने आहे.

अर्धा लिटर पाण्याला ५ ग्रॅम सीएमसी पुरे. पाणी डिस्टिल्ड घ्या. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो, ते पाणी तर अजिबात नको. त्यातले क्षार काचेवर धुरकट पापुद्रा आणतात. कोरडी पावडर थेट पाण्यात टाकली तर वरून चिकट आणि आतून कोरड्या अशा गुठळ्या होतात, मग कितीही घोटा. आधी ती २ चमचे ग्लिसरीनमध्ये नीट कालवा, मग ढवळत ढवळत पाण्यात सोडा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी मलमलीतून गाळा. चमचा वर उचलल्यावर तार न सुटता थेंब पडला पाहिजे. तार सुटली तर पाणी घाला. कुंचल्याने लावायला किंवा फवारायला आणखी पातळ करा. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, वास आला की ओतून द्या.

आता करडेपणाचं. तो म्हणजे अडकलेला कार्बन, आणि बाइंडर बदलला तरी भट्टी घाईने तापवली तर तो पुन्हा येणार. पावडर बारीक असल्याने अखंड काचेच्या आधी ती एकमेकींना चिकटू लागते. वरचा थर मिटला की आतला कार्बन आतच. म्हणून ताशी १५० अंशांच्या आसपास गतीने ५४० अंशांपर्यंत जा, तिथे अर्धा तास थांबा आणि तोवर झाकण बोटभर उघडं राहू द्या. भट्टीची तापणारी तार उघडी असेल तर वीज बंद केल्याशिवाय आत हात घालू नका. मग झाकण लावून तुमचा नेहमीचा प्रोग्राम चालवा.

भट्टीत जाण्याआधी काम खडखडीत वाळलेलं हवं. पुण्याच्या जुलैत ते वरवर कोरडं दिसतं आणि आत ओल असते. वाफेने पावडर उडते, फोड येतात. पावसाळ्यात मी झाकण किलकिलं ठेवून भट्टीतच ९० अंशांवर दोन-तीन तास वाळवते. शंभरच्या वर जायचं नाही.

आणि एक कळकळीने सांगते : कोरडी पावडर चाळताना एन-९५ मास्क लावा, पंखा बंद करा, ओटा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. लाल-पिवळ्या रंगांत बरेचदा कॅडमियम असतं. त्या कामाची गाळणी स्वयंपाकघरात परत जाता कामा नये.

प्रश्न : कोरफडीचा गर बाइंडर म्हणून चालेल का?
— एक वाचक, धनकवडी

जाडसर कणी काचेवर जागच्या जागी धरायला चालतो. ताजा काढा, गाळा, त्याच दिवशी संपवा. बाजारातली हिरवी सुगंधी जेल नको, त्यात रंग आणि इतर बरंच काही असतं. पावडरीच्या बारीक चित्राला मात्र सीएमसीच घ्या. गर दर वेळी सारखा दाट निघत नाही आणि रेषा फिसकटते.