बाराही महिने एमएक्स-5: 11,400 ची जपलेली घ्यावी की 7,200 ची वापरलेली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नवरा-बायको दोघेच, राहणं जर्मनीत रॉयटलिंगेनला. नोकरी ब्योब्लिंगेनला, एकेरी 34 किलोमीटर, आठवड्यातून चार दिवस. हातात 2014 ची श्कोडा फाबिया आहे, विकली तर 5,500 युरो येतील. बचत 16,000 युरो. महिन्याचा खर्च, आईवडिलांना पाठवायचे 300 युरो धरून, 3,000. फाबिया काढून माझदा एमएक्स-5, म्हणजे दोनच सीटांची, उघड्या छताची गाडी घ्यायची आणि तीच वर्षभर चालवायची. पसंतीला दोन गाड्या आहेत, दोन्ही एनसी, म्हणजे तिसऱ्या पिढीतल्या, 2.0 लिटरच्या. पहिली 2007 ची, 96,000 किलोमीटर, एप्रिल ते ऑक्टोबरच्या हंगामी नंबर प्लेटवर (तेवढेच महिने रस्त्यावर आणता येते) चाललेली, 11,400 युरो. दुसरी 2008 च्या सुरुवातीची, 1,41,000 किलोमीटर, कायम रोजच्या वापरातली, 7,200 युरो. तुमचा कल पहिलीकडे आहे आणि त्यासाठी 7.9 टक्क्यांनी 6,000 युरोचं कर्ज काढायची तयारीही आहे.

पहिली रोजच्या वापरासाठी घेऊ नका. तिचे जे 4,200 युरो जास्त मोजायचे, ते इंजिनासाठी नाहीत, इंजिन दोघींचं तेच. ते पैसे आहेत कमी किलोमीटरचे आणि रस्त्यावरचं मीठ न लागल्याचे. नेमक्या या दोन गोष्टी तुमच्या वापरात पहिल्या दोन हिवाळ्यांतच संपतात. पुढच्या गिऱ्हाइकाला ती गाडी ‘हिवाळ्यात न चाललेली’ म्हणून विकता येणार नाही, म्हणजे जास्तीचे दिलेले पैसे परत मिळायची वाटच बंद. वर कर्ज: 48 महिने, हप्ता साधारण 146 युरो, एकूण व्याज हजाराच्या थोडं वर. झिजवायच्या वस्तूवर व्याज भरण्यात काही हशील नाही.

आता दुसरीचा वर्षाचा हिशेब. ऑफिसचे 180 दिवस म्हणजे 12,240 किलोमीटर, बाकी फिरणं धरून 15,000. 100 किलोमीटरला 8 लिटर आणि लिटरला 1.75 युरो धरले तर पेट्रोल 2,100. विमा तुम्ही कळवलेल्या टाइलकास्कोच्या (चोरी, आग वगैरेंपुरता स्वतःच्या गाडीचा विमा) कोटप्रमाणे 740. वाहनकर 135: गाडी 2009 च्या जुलैआधीची, त्यामुळे जुना नियम, दर 100 सीसीला 6.75 युरो. ट्यूफ या संस्थेची सक्तीची तपासणी दोन वर्षांतून एकदा, वर्षाला 80 पडतील. टायर आणि त्यांची अदलाबदल 480, नेहमीची सर्व्हिसिंग 450, दुरुस्तीसाठी राखीव 900, किमतीतली घट 700. बेरीज 5,585.

याच पद्धतीने फाबिया 3,940 च्या आसपास जाते: पेट्रोल 1,575, विमा 560, कर 72, तपासणी 80, टायर 300, सर्व्हिसिंग 350, दुरुस्ती 500, घट 500. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे आहे, महिन्याला साधारण 137 युरो. तुमच्या पगारात हे बसतं, फक्त ते कळून-सवरून द्यायचे.

घर ते ऑफिस अंतरामागे मिळणाऱ्या कर-वजावटीचा उल्लेख तुम्ही गाडीच्या बाजूने केलाय, तो बाजूला ठेवा. 2026 पासून पहिल्या किलोमीटरपासून 38 सेंट धरले तर 34 गुणिले 180 गुणिले 0.38 म्हणजे 2,326 युरो. त्यातले 1,230 तर सगळ्याच नोकरदारांना आपोआप मिळतात, खरा फायदा उरलेल्या 1,096 वर, आणि तोही तुमच्या कराच्या दराने, म्हणजे चारशेच्या आसपास. शिवाय ही वजावट अंतराची आहे, गाडीची नाही. फाबियाने गेलात तरी तेवढीच.

इंजिनाचा जोर मागच्या चाकांना असण्याची (एमएक्स-5 तशीच आहे) भीती लोक नको तितकी बाळगतात, आणि टायरांबाबत मात्र हयगय करतात. फाबियात इंजिनाचा भार ओढणाऱ्या चाकांवरच असतो. एमएक्स-5 मध्ये वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं असल्याने ओल्या बर्फात चढावर सुटताना मागचं चाक जागेवर फिरतं. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे, हिवाळी हवेत. फक्त मागचे दोन बदलून भागत नाही, कारण थांबवण्याचं आणि वळवण्याचं काम पुढच्यांवर असतं. 17 इंचाच्या 205/45 ऐवजी हिवाळ्यासाठी 16 इंचाचे 205/50 रिमसकट घ्या. स्वस्त पडतात आणि खड्ड्यात रिम वाचते. मात्र हा आकार त्या गाडीच्या कागदपत्रांत मंजूर आहे ना, ते आधी बघा. रिमसकट संच 760 युरोच्या आसपास. डोंगर आणि हिमकणाची खूण टायरवर असायलाच हवी. ऑक्टोबर 2024 पासून फक्त ‘एम+एस’ ही जुनी खूण चालत नाही. बर्फाळ रस्त्यावर चुकीचे टायर सापडले तर दंड 60 युरो आणि चालकाच्या नोंदीत एक पॉइंट. त्याहून महाग म्हणजे अपघातातलं स्वतःच्या गाडीचं नुकसान: टाइलकास्कोत ते धरलेलंच नसतं, आणि वोलकास्को (पूर्ण विमा) असला तरी विमा कंपनी निष्काळजीपणाचं कारण देऊन दावा कापू शकते. डिकीत वाळूची गोणी टाकायचा जुना उपाय या गाडीत करू नका. डिकी मागच्या आसाच्याही मागे आहे, वळणावर शेपूट आणखी सुटतं. गाडीत डीएससी (घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) आहे का, ते मात्र विचारा.

गाडी खरी खाल्ली जाते ती मिठाने. शोनबुखच्या जंगलातून जाणारा तुमचा बी 464 रस्ता हिवाळाभर खारा असतो. म्हणून दुसरी गाडी बघायला जाल तेव्हा ती लिफ्टवर चढवल्याशिवाय आकडा बोलू नका. मागच्या चाकांपुढचा सिलचा (दाराखालच्या पट्टीचा) भाग, चाकाच्या कमानीची आतली कड, मागची सबफ्रेम (मागची चाकं जोडलेला सांगाडा) आणि मागच्या आसावरून जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या बघा. नळ्यांचा पत्रा फुगून खपल्या धरत असेल तर ट्यूफ तिथेच अडवणार. मग दहा-पंधरा मिनिटं चालवून या आणि मागच्या दोन्ही रिमजवळ हात न्या. एक दुसरीपेक्षा स्पष्टपणे तापली असेल तर त्या चाकाचा कॅलिपर (ब्रेक आवळणारा भाग, हँडब्रेकही त्यालाच जोडलेला) अडकतोय. मिठात चालणाऱ्या एमएक्स-5 चा हा ठरलेला आजार आहे. सीटमागचा गालिचा दाबून बघा. ओला असेल तर छताचं पाणी वाहून नेणारी छिद्रं पानांनी तुंबलीत. छिद्रं साफ करणं फुकटचं काम, पण कुजलेली वायरिंग फुकट होत नाही.

आणि डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) बघा, तीही इंजिन सुरू करण्याआधी. या इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायचा खर्च नाही, पण काही गाड्या तेल पितात आणि पातळी खाली गेली की बेअरिंगं जातात. विकणारा कितीही गोड बोलला तरी तेल खालच्या खुणेवर असेल तर गाडी सोडा. घेतल्यावर दर दुसऱ्या टाकीला तपासायचं.

पैशांची मांडणी: 16,000 अधिक 5,500 वजा 7,200, उरले 14,300. त्यातून पहिल्याच महिन्यात हिवाळी टायर 760, पोकळ भागांत गंजरोधक मेण भरून घेणं 800, आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल यांची तेलं व ब्रेक फ्लुइड मिळून 350. मेणाचं काम ऑक्टोबरच्या आत, गाडी कोरडी असताना करा, ओल्या पत्र्यावर मेण लावलं तर ओल आतच राहते. उरतात साधारण 12,400, म्हणजे चार महिन्यांचा खर्च. ब्लू कार्डावर आहात, राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. यापेक्षा कमी गंगाजळी मला चालणार नाही.

तिसरा मार्ग तुम्ही विचारला नाहीत, पण आहे: फाबिया ठेवायची आणि 11,400 ची गाडी हंगामी प्लेटवरच चालवायची. सात महिन्यांचा कर 79, विमा अंदाजे 430, हंगामाबाहेर सार्वजनिक रस्त्यावर उभी करता येत नाही म्हणून पाच महिन्यांचं गॅरेजभाडं 350, सर्व्हिसिंग, दुरुस्ती वगैरे धरून वर्षाला 1,800 च्या आसपास. दुसरीच्या जादा खर्चापेक्षा फार नाही, आणि किंमतही टिकते. अडचण एकच, बचत 4,600 वर येते. दीड-दोन वर्षांनी बचत 25,000 झाली तर हाच मार्ग मी पहिला सुचवेन. येत्या दोन वर्षांत घरात तिसरं माणूस यायचा विचार असेल, तर फाबिया कुठल्याही परिस्थितीत विकू नका.

घाई नसेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत भाव करा, उघड्या छताच्या गाडीला तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. 7,200 वाली गाडी डीलरकडची असेल तर करारात ‘ग्राहकाच्या वतीने विक्री’ किंवा ‘हौशी मेकॅनिकसाठी’ असे शब्द आहेत का, ते वाचा. डीलरवर येणारी किमान एका वर्षाची कायदेशीर जबाबदारी टाळण्यासाठी ते घातलेले असतात. दिसले तर काढायला सांगा. नाही म्हणाला तर घरगुती विक्रेत्याचा भाव लावा आणि स्वतंत्र तपासणीचे शे-दीडशे युरो खर्चून मगच सही करा.