क्लॅनमध्ये मी एल्डर आहे, लीडर महिनाभर फिरकलेला नाही. स्वतःहून निर्णय घेऊ की वाट बघू?

क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममधल्या क्लॅनबद्दल (खेळाडूंच्या गटाबद्दल) विचारताय, लीडर गायब आहे आणि वॉरचं सगळं प्लॅनिंग तुम्हीच करताय, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे बेस (खेळाडूचं गाव), स्टार (अटॅकचे गुण), डोनेशन (एकमेकांना सैन्य देणं) हे समजावत बसत नाही. माझं उत्तर सरळ आहे: घ्या निर्णय. पद दिलं म्हणजे त्या पदाचं बटण दिलं, आणि बटण दिलं म्हणजे ते दाबायची मोकळीकही दिली. प्रत्येक वेळी विचारूनच दाबायचं असेल तर पद देऊ नये. हे मी एका माणसाला २०१५ साली फोनवर सांगायला हवं होतं. तेव्हा गप्प बसलो, ते आजही टोचतं.

मी नाशिकचा, घर पंचवटीत. आमच्या क्लॅनचा लीडर नाशिकरोडचा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, सगळे त्याला भाऊ म्हणायचे. क्लॅन त्यानेच उभा केला होता. दोन वर्षं रोज डोनेशन करून, नव्या पोरांना बेस लावून देऊन मी को-लीडर, म्हणजे लीडरच्या खालोखाल, झालो. त्या वर्षी सिंहस्थ होता. २९ ऑगस्टला नाशिकमधलं पहिलं शाहीस्नान, त्याच दिवशी राखीपौर्णिमा. आदल्या दिवसापासूनच रस्त्यांवर बॅरिकेड लागले होते, गाडी घराबाहेर काढायची सोय नव्हती. घरात स्नानाला आलेले अकरा पाहुणे. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, कारण चार्जरची वायर तिथपर्यंतच पोचत होती. हातात बहिणीने नुकतीच बांधलेली राखी, तिचा गोंडा सारखा स्क्रीनवर यायचा.

पंधरा विरुद्ध पंधराची वॉर होती आणि लढाईचा दिवस संपायला तीन तास राहिले होते. त्यांचे ३८ स्टार, आमचे ३७. चार अटॅक बाकी होते, दोन भाऊंचे आणि दोन त्यांच्या भाच्याचे. भाऊ रामकुंडावर स्वयंसेवक म्हणून उभे, फोन लागायचा प्रश्नच नव्हता. समोरच्यांचा अकरा नंबरचा बेस टाउन हॉल आठचा, म्हणजे आठव्या पातळीचा होता, त्यावर आमचा एकच स्टार होता. भाचाही टाउन हॉल आठलाच, ड्रॅगन अपग्रेड केलेले. त्याने तो बेस साफ केला असता, म्हणजे तीनही स्टार घेतले असते, तर दोन स्टार वाढून आम्ही ३९ वर गेलो असतो.

पोरगा ऑनलाइन होता. चॅटमध्ये मागणी आली, 'ड्रॅगन आणि बलून द्या.' मला वाटलं वॉरसाठीच मागतोय, म्हणून माझाच ड्रॅगन दिला. अर्ध्या तासाने परत तीच मागणी. वॉरच्या यादीत त्याचे अटॅक अजून दोनपैकी शून्य. म्हणजे मी दिलेला ड्रॅगन तो वॉरबाहेर लूट मारायला वापरत होता. मी लिहिलं, 'अकरा नंबर तुझा आहे, मार.' उत्तर आलं, 'मामा सांगतील तेव्हा मारीन.'

ते वाक्य मी पाच-सहा वेळा वाचलं असेल. मामा रामकुंडावर, मी इथे को-लीडर म्हणून बसलोय, आणि चौदा जण वाट बघतायत. मी परत लिहिलं, समजावून सांगितलं, कोणत्या बाजूने ड्रॅगन सोडायचे तेही लिहिलं. काही नाही. वॉर ३८-३७ ने हरलो. संपल्याबरोबर मी त्याला किक केलं, म्हणजे क्लॅनमधून काढलं, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'दोन्ही अटॅक वाया.' एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ ऑनलाइन आले. भाचा परत आत, आणि मी डिमोट होऊन एल्डर, एक पायरी खाली. ती ओळ चॅटमध्ये सगळ्यांना दिसते, हे तुम्हाला माहीतच आहे. मग फोन आला, 'तुला को-लीडर केलं ते मी नसताना सांभाळायला. माझी माणसं काढायला नाही.' मी 'बरं भाऊ' म्हणालो.

तेव्हा म्हणायचं राहिलं ते आता म्हणतो. मी सांभाळतच होतो. सांभाळायचं म्हणजे नुसते दिवे चालू ठेवायचे नसतात. जो चौदा जणांची मेहनत बुडवतो त्याला बाहेर काढणं हाही सांभाळण्याचाच भाग आहे, आणि तो लीडरचा भाचा आहे म्हणून तो भाग गळत नाही. शिवाय त्या पोराचीही पूर्ण चूक नव्हती. क्लॅनमध्ये मामा सोडून कुणाचं ऐकायचं असतं हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं काम लीडरचं होतं.

महिनाभराने मी बाहेर पडलो, सहा जण माझ्याबरोबर आले. आम्ही नवा क्लॅन काढला, तो आजही चालू आहे आणि लीडर मीच आहे. माझ्याकडे को-लीडरने वॉर लावायला मला विचारायचं नाही, आणि सलग दोन वॉरमध्ये अटॅक न मारणाऱ्याला काढायलाही नाही. दोन वर्षांपूर्वी को-लीडरने माझ्या सख्ख्या मेहुण्याला काढलं. दिवाळीत मेहुणा माझ्याशी धड बोलला नाही, बायकोनेही दोनदा विषय काढला. मी त्याला परत घेतलं नाही. तीन महिन्यांनी त्याने स्वतः रिक्वेस्ट टाकली, तीही मी हात न लावता तशीच ठेवली. ज्याने काढलं होतं त्यानेच ती स्वीकारली.

एक गोष्ट मात्र मीही चुकवली होती. काढण्याआधी चॅटमध्ये सगळ्यांसमोर 'अटॅक झाला नाही तर वॉरनंतर काढणार' असं लिहायला हवं होतं. मी ते मनात ठरवलं आणि थेट बटण दाबलं. तुम्ही तसं करू नका.

आता तुमचं. एल्डरला वॉर सुरू करता येत नाही, त्यामुळे तिथे तुमची इच्छा असून उपयोग नाही. पण नवीन माणसं घेणं, साध्या मेंबरला काढणं, कुणी कोणता बेस मारायचा ते ठरवून देणं, वॉरच्या कॅसल (मदतीचं सैन्य ठेवायची जागा) भरून घेणं हे सगळं तुमच्या हातात आहे. ते विचारत बसू नका, करून मोकळे व्हा आणि काय केलं ते चॅटमध्ये लिहा. लीडर नाही तर नाही, एखादा को-लीडर तर येत असेलच. त्याला उघडपणे सांगा की वॉर मी चालवतोय, मला को-लीडर करायचं लीडरच्या कानावर घाला. लाजायचं काही कारण नाही.

आणि लीडर उगवला, पद द्यायला तयार झाला, तर घेण्याआधी त्याला एकच विचारा: तुमच्या घरातल्या माणसाने दोन्ही अटॅक वाया घालवले तर मी त्याला काढू शकतो का? 'आधी मला विचार' असं उत्तर आलं तर एल्डरच राहा.