ओट्स घशाखाली उतरत नाहीत, रोज खायची सवय कशी लावू?

तुम्ही लिहिलंय की कोलेस्टेरॉल वाढलंय, डॉक्टरांनी ओट्स खायला सांगितले, तीनदा पाकीट आणलं, चार-पाच दिवस दुधातून खाल्ले आणि तिन्ही वेळा उरलेल्याला अळ्या लागून फेकून द्यावे लागले. अगदी हेच माझं झालं होतं म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

मी इंदूरची, वय ५२. दोन वर्षांपूर्वी रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६२ आलं आणि माझ्या वडिलांना पंचावन्नाव्या वर्षी अटॅक आलेला, त्यामुळे मी खरंच घाबरले. त्याच संध्याकाळी ओट्स आणले. सासूबाईंनी पाकिटातले दाणे हातावर घेऊन बघितले आणि म्हणाल्या, "अगं ही तर जई, आमच्याकडे ढोरांना घालायचे." खरं आहे ते, आपल्याकडे जई मुख्यतः चाऱ्यासाठीच लावतात, त्यामुळे ती खायची कशी हे आपल्या आई-आजीकडून आलेलंच नाही, आणि पाकिटावर लिहिलंय तसं दूध-साखर घालून आपण ते शिजवतो. आता बघा, मऊ गिळगिळीत असं आपण कधी खातो? आजारपणात. पेज, खिमट, लापशी. तापातून उठल्यावर चार दिवस ठीक आहे, पण धडधाकट माणूस रोज सकाळी ते खाईल कसं? मला तर तिसऱ्या दिवशी वाटी समोर आली की मळमळायचं.

म्हणून पहिली गोष्ट, दुधातले गोड ओट्स आवडत नसतील तर ते सरळ सोडा, मनाशी भांडू नका. ओट्स आवडत नाहीत असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो चिकटपणा आवडत नसतो, चव नाही. नुसत्या ओट्सला चव तशी फारशी नसतेच, कोरडे भाजले की छान खमंग वास येतो तेवढाच.

पण गंमत अशी की तो चिकटपणा म्हणजेच औषध आहे. ओट्समध्ये बीटा ग्लुकन नावाचं पाण्यात विरघळणारं फायबर असतं, ते आतड्यात जाऊन घट्ट जेलसारखं होतं आणि पित्तातली आम्लं धरून ठेवतं, ती शरीराबाहेर जातात, मग लिव्हरला नवीन पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. रोज ३ ग्रॅम बीटा ग्लुकन पोटात गेलं तर फरक पडतो असं मानतात, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, १९९७ मध्ये पाकिटावर तसं लिहायची परवानगी दिली होती. ३ ग्रॅम म्हणजे साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स. मी वजनकाट्यावर मोजलं, आमच्या आमटीच्या वाटीत ५० ग्रॅम मावतात, म्हणजे दीड वाटी. आठवड्यातून एकदा दोन चमचे खाऊन काही होणार नाही. आणि हो, चिकटपणा तोंडाला लागायला हवा असं काही नाही, तो आत पोटात झाला तरी चालतो, आपल्याला फक्त ताटात तो टाळायचा.

आता कसा टाळायचा ते सांगते, मला हे सापडायला दोन महिने लागले. इंदूरचे पोहे तुम्ही खाल्ले असतील तर आठवा, ठेल्यावर पोह्याचं पातेलं खाली उकळतं पाणी ठेवून वाफेवर असतं, म्हणून ते मऊ असूनही सुटसुटीत राहतात. ओट्सचंही तसंच करा. जाडे रोल्ड ओट्स, म्हणजे पोह्यासारखे चपटे केलेले, घ्या, इन्स्टंट नको, त्यांचा लगेच लगदा होतो. कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटं कोरडे भाजा, गार होऊ द्या, मग चाळणीत घेऊन पोह्यासारखं नळाखाली एकदाच पाणी फिरवा आणि निथळत ठेवा, भिजवत ठेवायचे नाहीत. तेलात मोहरी, बडीशेप, मिरची, कढीलिंब, हळद, त्यात हे ओट्स, मीठ, चिमूटभर साखर, आणि हलक्या हाताने परतून झाकण ठेवून चार मिनिटं वाफ. वरून बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आमच्याकडचा मसाला. शेव मी एक चमचाच घालते पण घालते, कारण शेवेशिवाय इंदूरच्या माणसाच्या जिभेला नाश्ता झाला असं वाटतच नाही, आणि ज्या गोष्टीने रोजचं खाणं टिकतं ती एक चमचा असू द्यावी असं माझं मत आहे.

दुसरा प्रकार आमच्या घरात सगळ्यांत जास्त आवडतो, भुट्ट्याच्या किसासारखा. सराफ्यात, म्हणजे आमच्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, मिळतो तो किस, मका किसून दुधात शिजवलेला. अगदी त्या किसाचीच फोडणी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, त्यात भाजलेले ओट्स आणि एक किसलेलं कणीस, आणि अर्धं दूध अर्धं पाणी थोडं थोडं शिंपडत परतायचं, एकदम ओतायचं नाही. वर ओलं खोबरं आणि लिंबू. माझा मुलगा ओट्सचं नाव काढलं की उठून जायचा, तो आता हा किस मागून घेतो.

बाकी मग थालीपिठाच्या भाजणीत ओट्सचं पीठ, धिरडी, स्टील कट ओट्स (चपटे न करता नुसते तुकडे केलेले दाणे) तीन-चार तास भिजवून मुगाच्या डाळीबरोबर कुकरला खिचडी, हे सगळं चालतं. पोळीच्या कणकेतही घालते, पण चार वाट्या कणकेला एक वाटीच, ओट्समध्ये गव्हासारखं ग्लुटेन नसतं त्यामुळे जास्त झालं की पोळी लाटताना फाटते. अशी सकाळी ५० ग्रॅम आणि उरलेली पोळीतून, माझी दीड वाटी जवळपास होते आणि रात्री ओट्स खातोय असं वाटतही नाही. पाकिटातले मसाला ओट्स मात्र रोजचे ठेवू नका, त्यात मीठ बरंच असतं आणि बीपी असेल तर उगाच.

पहिले दहा दिवस अर्ध्या वाटीपेक्षा जास्त घेऊ नका. मी एकदम दोन वाट्या सुरू केल्या आणि पोट इतकं फुगलं, गॅस इतका झाला की ओट्स मला सोसत नाहीत अशीच समजूत झाली. फायबर हळूहळू वाढवायचं आणि पाणी भरपूर प्यायचं, मग आतडी रुळतात. थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती आधी रिकाम्या पोटी, नाश्ता नंतर, किती वेळाने ते डॉक्टरांना विचारा. सीलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न चालणारा आजार, असेल तर साधे ओट्स नको, त्यात गहू मिसळलेला असू शकतो.

फरक किती पडेल तर खरं सांगते, ओट्सने एकट्याने एलडीएल पाच-सात टक्क्यांच्या आसपास उतरतं, फार नाही. माझं तीन महिन्यांनी १६२ वरून १४१ झालं पण त्यात सकाळचं चालणं होतं आणि रात्रीचं सराफ्यात जाणं मी महिन्यातून एकदावर आणलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय ओट्सला देणार नाही. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ओट्स सुरू केले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका, ही हात जोडून विनंती.

पोहे मी सोडलेले नाहीत. रविवारी सकाळी आम्ही सगळे पोहे-जिलबी खातो, ठरवून, आणि मला वाटतं त्या एका रविवारामुळेच बाकीचे सहा दिवस निभतात. पहिल्या वेळी मी सगळंच एकदम बंद केलं होतं, तिसऱ्या आठवड्यात पाकीट मागच्या फळीवर गेलं ते गेलंच.

आणि अळ्यांचं म्हणाल तर एक किलोचं स्वस्त पडतं म्हणून आणू नका, ५०० ग्रॅमचंच आणा, आणल्या दिवशीच सगळे कोरडे भाजून पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, पावसाळ्यात तो डबा फ्रीजमध्ये. भाजून ठेवलेले असले की सकाळी काम दहा मिनिटांचं उरतं. धुऊन निथळायला टाका, तोवर कांदा चिरून होतो.